लहानपणी सॉफ्टबॉलमध्ये कॅचर असलेल्या मुली मोठ्या झाल्यावर कॅचरच राहतात का?

तुमची मुलगी 12 वर्षांची, दोन वर्षं कॅचिंग करतेय (बॅटरच्या मागे उकिडवी बसून पिचरने, म्हणजे बॉल टाकणारीने, टाकलेला बॉल झेलायचा), आणि तुम्ही विचारताय की पुढे ती तिथेच टिकेल का आत्ताच दुसरी जागा मागून घ्यावी. माझ्या बघण्यातल्या निम्म्याहून जास्त टिकल्या नाहीत. मी पण नाही टिकले. आणि का नाही टिकले यावरून आमच्या घरात दर दिवाळीला वाद होतो, म्हणून लिहायला बसले.

मुळात शाळेत कॅचर ठरते कशी ते बघा. मास्क-पॅडचं किट एकच असतं. ते जिला बसेल ती कॅचर, नाहीतर जी जाडी आहे, पळत नाही तिला बसव मागे, नाहीतर जी बॅट फिरली तरी डोळे मिटत नाही ती. मी डोळे न मिटणारी होते. हे मुद्दाम सांगतेय कारण माझा भाऊ सगळ्यांना जाडी असल्याचं सांगतो. सांगायचं काय, तर सहावीत दिलेली जागा ही काही विचार करून दिलेली नसते, त्यामुळे ती नववीत बदलली तर त्यात पोरीचं काही चुकलं असं नाही.

मी नाशिकच्या सिडकोतली. सहावी ते नववी कॅचर. थंडीत सकाळी साडेसहाला सायकलवर गोल्फ क्लबला (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण रिक्षावाल्याला काय सांगता ते सांगा), बोटं इतकी गार पडलेली असायची की मिटमध्ये (कॅचरच्या जाड हातमोज्यात) बॉल बसला की तळहात झिणझिणायचा. आमची शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभी राहणारी) माझी जिवलग मैत्रीण. पुढे तिने माझ्या भावाशी लग्न केलं, आता तिला वहिनी म्हणावं लागतं.

तर नववीत, विभागीय स्पर्धा, समोर जळगाव. सातवी इनिंग, आम्ही एका रनने पुढे, दोन आऊट, फर्स्टवर त्यांची सगळ्यात जोरात पळणारी पोरगी. मला माहीत होतं ही सेकंड चोरणार, म्हणजे पिच पडतानाच सेकंड बेसकडे पळणार. पिचरच्या हातून बॉल सुटला तशी ती पळाली, मी बॉल घेतला, उठले, फेकला, थेट सेकंड बेसच्या बॅगेवर, गुडघ्याएवढा. आणि बॅगेवर कोणीच नाही! आमची शॉर्टस्टॉप दोन पावलं लांब, अजून येतेच आहे. बॉल मागे सेंटर फिल्डला गेला, तिथल्या मुलीच्या पायातून अजून मागे गेला, रनर थर्डवरून सरळ घरी. बरोबरी झाली आणि पुढच्या इनिंगला हरलो. सरांनी जे सुनावलं ते मला. आठवड्याने म्हणाले, तुझी उंची वाढलीय, तू आता फर्स्ट बेसला उभी राहा. चार बोटं वाढले होते हे खरं. पण त्या मॅचच्या आधी पण वाढलेलेच होते ना.

वहिनीचं म्हणणं, थ्रो डोक्यावरून गेला.

आता ह्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. लहान वयात कॅचरचं काम म्हणजे बॉल मागे जाऊ न देणं, बस. मोठं होताना काम बदलतं. पिचरचा वेग वाढतो, बॉल खाली पडायला लागतो, आणि मुख्य म्हणजे रनर चोरायला लागतात. बेस 60 फुटांवर, म्हणजे होमपासून (जिथे बॅटर उभी असते) सेकंड तिरकस जवळजवळ 85 फूट. बसलेल्या अवस्थेतून उठून तेवढं सपाट फेकायचं. जिचा हात आणि पाय त्या वयात तयार होतात ती राहते, जिचे नाही होत ती फर्स्टला किंवा आउटफिल्डला (मागच्या मैदानात) जाते. कॅचिंग केलेली पोरगी कुठेही चालते, कारण बाकी आठ जणींकडे तोंड करून बसलेली तीच एक असते, तिला पूर्ण खेळ दिसतो. बेसबॉलमध्ये पण हेच. अमेरिकेतला ब्राइस हार्पर 2010 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात तो) पहिला निवडला गेला तेव्हा कॅचर होता, त्याला लगेच आउटफिल्डला नेलं कारण मागे बसून बॅट्समन झिजतो. तिथल्याच जो मावरने कॅचर असताना तीनदा सगळ्यात चांगल्या बॅटिंग सरासरीचं टायटल घेतलं, 2013 मध्ये फाउल टिप (बॅटला चाटून आलेला बॉल) मास्कवर बसून डोक्याला मार लागला आणि 2014 पासून फर्स्ट बेस. माझ्यासारखाच. (भाऊ हसेल.)

गेल्या दिवाळीत भाची म्हणाली, आत्या, मी कॅचर होणार. वहिनी लगेच, काही नको, कॅचर टिकत नाहीत, शॉर्टस्टॉपला खेळ. म्हटलं चला मैदानावर. मोबाईलवर स्लो मोशन लावून मोजलं. भाचीचा बॉल मिटमध्ये पडल्यापासून सेकंडला पोचेपर्यंत 2.4 सेकंद. पिचरच्या हातून मिटपर्यंत 0.7 धरा, झाले 3.1. फर्स्टवरून चोरणारी बरी पोरगी तीन सेकंदात पोचते. म्हणजे 13 वर्षांच्या मुलीला सुद्धा फक्त थोडंसंच कमी पडतं आणि ते पाय नीट टाकून भरून निघतं, नुसती ताकद लागत नाही. पण हे सगळं तेव्हाच जेव्हा शॉर्टस्टॉप बॉलच्या आधी बॅगेवर असते! कॅचर बॅगेवर फेकते, माणसावर नाही. तिथे पोचणं हे समोरचीचं काम आहे. तेव्हा तुमच्या मुलीची जागा बदलायच्या आधी तिच्या टीमची शॉर्टस्टॉप कशी आहे ते एकदा जाऊन बघा, आणि सरांनी हरल्यावर कॅचरला बोलायच्या आधी ते पण बघावं.

बरं, एक राहिलं. माझा गुडघा पण दुखत होता. नववीत वाटीच्या खाली नडगीवर टेंगूळ आलं होतं, जिना उतरताना कळ यायची, मी घरी सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर किट काढून घेतलं असतं. वाढीच्या वयात तिथलं हाड कच्चं असतं आणि मांडीचा स्नायू ते ओढत राहतो, त्यात आपण उठाबशा काढल्यासारखं तासभर बसणार. वाढ थांबली की बहुतेक वेळा आपोआप कमी होतं, पण तोवर बसणं कमी करावं लागतं. तुमची मुलगी बरोबर त्याच वयात आहे, तेव्हा तिला विचारा, आणि "नाही दुखत" म्हणाली तर जिना उतरायला लावून बघा. दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि काही महिने दुसरीकडे खेळू दे, परत येता येतं. मास्क पण तिच्या मापाचा घ्या, शाळेतला मोठ्या मुलींचा असतो, बॉल लागला की फिरतो आणि पुढचं काही दिसत नाही.

गुडघ्यामुळे त्या दिवशी मी उठायला उशीर केला असेल, हे वहिनी आता म्हणेल. असेलही. पण थ्रो डोक्यावरून गेला नव्हता.