सरत्या थंडीतला प्रवास: वाचकांचे प्रश्न

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. सांगली-मिरजेपुरतं ते बरंचसं खरं आहे. हिमालयात मात्र पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी-वादळी हवेमुळे (पश्चिमी विक्षोभांमुळे) फेब्रुवारी-मार्चमध्येही जोरदार बर्फ पडतो. त्यात ऊन तापू लागलेलं असतं, त्यामुळे दिवसा वितळलेलं रात्री पुन्हा गोठतं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथं घेतली आहेत.

फेब्रुवारीअखेर स्वतःची डिझेल गाडी घेऊन अमृतसरला भावाकडे (त्याचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे) आणि तिथून मनालीला जायचा बेत आहे. जमलं तर अटल बोगद्याच्या पलीकडेही जाऊ. गाडीची काय तयारी करावी? — एक वाचक, विटा

सगळ्यात आधी रेडिएटर बघा. आपल्याकडे कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतायची सवय आहे, आणि इथल्या हवेत ते खपूनही जातं. उणे तापमानात ते पाणी रात्रीत गोठतं. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, त्यामुळे रेडिएटर फुटतो, नशीब वाईट असेल तर इंजिनच्या ब्लॉकलाच तडा जातो. जुनं सगळं काढून टाका, यंत्रणा धुऊन घ्या आणि ग्लायकॉलचं कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा. हे मिश्रण साधारण उणे 35 अंशांपर्यंत टिकतं. ‘मग नुसतं कूलंटच भरू की’ असं काहींना वाटतं, पण शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं. कॅनवर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालू नका.

डिझेलमधलं मेण थंडीत जमतं आणि फिल्टर बंद पडतो. विट्यात भरलेली टाकी वाटेतच संपेल, तेव्हा तिची काळजी नको. वर मुक्काम करायचा असेल तर शेवटची टाकी पंजाबात न भरता मनालीत भरा. गाडी रात्री पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. हँडब्रेक ओढून ठेवला तर ओला ब्रेक सकाळी गोठून चिकटलेला असतो. वायपर काचेवरून उचलून ठेवा. काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

बर्फावर घालायच्या साखळ्या नेहमी ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांना लावायच्या. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाकं असतात. आपल्या टायरच्या मापाची साखळी घ्या आणि घरच्या अंगणात दोनदा लावून-काढून बघा, कारण तिकडे हे काम बधिर बोटांनी करावं लागतं. लावल्यावर पन्नासेक मीटर गाडी चालवून पुन्हा आवळा. वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत ठेवा आणि मोकळं डांबर लागलं की लगेच काढा, नाहीतर साखळी तुटून मडगार्ड फाडते. ताज्या बर्फात पोलीस साध्या गाड्या मनालीच्या वरच अडवतात. तिथं हुज्जत घालू नका. बोगदा 9.02 किलोमीटरचा असून सुमारे दहा हजार फुटांवर आहे. आत रस्ता कोरडा असतो, बाहेर पडताक्षणी तो तसाच असेल असं नाही.

पांढरा बर्फ निदान दिसतो. खरा दगा देतो तो डांबरावरचा पारदर्शक पापुद्रा. रस्ता नुसता ओला असावा तसा काळा चकाकतो, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात. सावलीतली वळणं, पूल आणि कड्यातून पाणी ठिबकतं त्या जागा ही त्याची ठिकाणं. म्हणून उन्हं रस्त्यावर आल्यावर, साधारण दहानंतर निघा आणि चारच्या आत मुक्काम गाठा. पहाटे चारला निघायची आपली जुनी सवय अंबाल्यापर्यंत ठीक आहे, तिथून पुढे नाही. पापुद्र्यावर आलात हे कळलं तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि गाडीला स्वतःहून मंदावू द्या.

एक गोष्ट गाडीबाहेरची, पण सगळ्यात जीवघेणी: खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर थंडीला दोष देत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढा. बर्फात गाडी अडकली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. मग तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, एक काच बोटभर खाली ठेवून.

वेण्णा तलावावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण त्याच दिवशी महाबळेश्वरचं तापमान सात-आठ अंश दिलेलं असतं. खरं काय? आणि तेव्हा पसरणी घाट निसरडा होतो का? — एक वाचक, वाई

दोन्ही खरं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की गवत, गाडीचा टप, बोटीचा फळकुट धक्का आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतात आणि हवेपेक्षा बरेच थंड होतात. शिवाय जड थंड हवा उतरून तलावाच्या खोलगटात साचते. त्यामुळे गावात सात अंश असताना तलावाकाठच्या गवतावर शून्य भरू शकतं.

घाटातलं डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतं, त्यावर बर्फ सहसा धरत नाही. पण दव पडतं. धूळ, सांडलेलं ऑइल आणि दव यांचा चिकट थर दुचाकीला पुरेसा निसरडा असतो. पाचगणीहून उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पाय सतत ब्रेकवर ठेवला की लायनर तापतात. जुन्या ब्रेक ऑइलनं हवेतला ओलावा शोषलेला असेल तर ते उकळतं, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. करपल्यासारखा वास आला तर रुंद जागी थांबून वीस मिनिटं जाऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका.

पहाटे पलूसहून कराडला दुचाकीनं जावं लागतं. नदीकाठाला धुकं असतं आणि उसाच्या ट्रॉल्या दिसतच नाहीत. — एक वाचक, पलूस

हवामान खात्याच्या भाषेत 200 मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट धुकं, 50 मीटरच्या आत अतिदाट. आता हिशेब करा. ताशी 60 ला धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही 45 मीटर जातात. ताशी 40 ला 25 मीटरच्या आसपास. आणि पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर जेमतेम पंधराच्या वेगानं चाललेला असतो. मागचा दिवा असला तरी लोंबत्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांनी) झाकलेला, रिफ्लेक्टरचं कापड धुळीनं माखलेलं. रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही, तुमचा प्रकाश पडला तरच दिसतो.

दिवा डिपरवर ठेवा. अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डाव्या कडेच्या पट्ट्यावर नजर ठेवून चाला, पुढच्या गाडीच्या लाल दिव्याच्या मागं लागू नका. हेल्मेटची काच आतून धूसर होते, ती दोन बोटं उघडी ठेवा. आणखी एक: सूर्य उगवल्यावर धुकं लगेच विरत नाही. जमीन तापू लागल्यावर हवा हलते आणि अर्धा-पाऊण तास ते उलट दाटतं. शक्य असेल तर साडेआठनंतर निघा. ट्रॉलीमालकांना सांगणं असं की रिफ्लेक्टर वाढ्यांच्या खाली, चौकटीवर लावा आणि रोज ओल्या फडक्यानं पुसा. खर्च काही नाही, आणि हे एवढंही होत नाही याचा राग येतो.

मुलगी मार्चच्या सुरुवातीला उत्तराखंडात सांकरीहून केदारकंठा ट्रेकला जाते आहे. हिमस्खलनाची भीती वाटते. तिला पाठवू का? — एक पालक, सातारा

पाठवा, पण ट्रेक नेणाऱ्यांना काही गोष्टी आधी विचारा. हिमस्खलन बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उघड्या उतारांवर होतं. एका दिवसात फूटभर किंवा जास्त बर्फ पडला, किंवा जोराच्या वाऱ्यानं तो एका बाजूला साचला, तर पुढचे 24 ते 48 तास सर्वांत वाईट. दुपारचं ऊन तोच बर्फ ओला आणि जड करतं. म्हणून शिखराची चढाई पहाटे सुरू करून सकाळीच परत फिरतात. रस्त्यावर उशिरा निघायचं आणि उतारावर लवकर, असा हा उलटा न्याय आहे. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ माणा इथं सीमा सडक संघटनेच्या तळावर हिमस्खलन झालं, 54 कामगार बर्फाखाली अडकले, त्यातले 8 दगावले. रोज डोंगरात राहणाऱ्या माणसांची ही गत.

विचारायचं ते हे: बर्फ पडल्यावर राखीव दिवस आहे का? चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचं हिमस्खलनाचं इशारापत्रक रोज बघता का? परत फिरायचा निर्णय कोण घेतं, आणि तेव्हा पैशाचा प्रश्न कसा सुटतो? शेवटच्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा गट शोधा.

तिच्या सामानात सुती बनियन नको. घामानं भिजलेलं सूत अंगावर वाळत नाही आणि शरीर गार पाडतं. सिंथेटिक किंवा लोकरी थर, कोरड्या मोज्यांचे तीन जोड, बुटाला लावायचे स्पाइक्स आणि गडद गॉगल द्या. बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर बर्फानं चोळायची नाहीत. काखेत धरायची, आणि तंबूत पोचल्यावर कोमट, 37 ते 39 अंशांच्या पाण्यात ठेवायची. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तोवर वितळवायचीच नाहीत. उंचीवर डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर गोळी देऊन वर न्यायचं नाही. त्याच वेळी, रात्र असली तरी, सोबत माणूस देऊन खाली उतरवायचं.