घरीच मेंदी पार्टी करून प्रत्येक मैत्रिणीला वेगळं डिझाइन काढून द्यायचं असेल तर काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की मंगळागौरीच्या आधी सात-आठ मैत्रिणींना घरी बोलवून स्वतःच मेंदी काढायची आहे, तीही प्रत्येकीची वेगळी. हात बरा आहे, पण क्लास केलेला नाही. क्लास मीही केलेला नाही. ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या घरी दर श्रावणात हा गोंधळ असतो, त्यावरून सांगते.

आधी वेळेचा हिशेब करा. साधा एक हात काढायला मला पंचवीस मिनिटं लागतात. आठ जणींचे सोळा हात म्हणजे साडेसहा तासांच्या वर! पहिल्या वर्षी हे गणित मांडलंच नव्हतं. शेवटच्या मैत्रिणीच्या तळव्यावर रात्री साडेदहाला कसंबसं एक फूल काढलं आणि ती बिचारी ओल्या हाताने डोंबिवलीची गाडी पकडायला पळाली. आता प्रत्येकीचा एक हात मी काढते, दुसऱ्यावर त्या एकमेकींच्या काढतात. खरी मजा त्या दुसऱ्या हातांचीच असते, कारण कुणाची कोयरी वांग्यासारखी दिसते तर कुणाचा मोर कोंबड्यासारखा.

वेगळं डिझाइन म्हणजे अख्खा हात वेगळा काढायला जाऊ नका. चार दिवस आधी ग्रुपवर विचारा, ‘तुझी एक गोष्ट सांग.’ तेवढी एकच गोष्ट मधोमध येते, बाकी जाळी, पानं, ठिपके सगळ्यांना सारखे. मला आलेली उत्तरं अशी : नेरुळच्या मैत्रिणीला खाडीतला फ्लेमिंगो, एकीला तिचा बोका, तबला शिकवणारीला ‘धा धिं धिं धा’ आणि वीस वर्षं ठाणे-सीएसएमटी करणारीला लोकल. फ्लेमिंगो सगळ्यांत सोपा निघाला. अंग तळव्यावर आणि लांब मान मधल्या बोटावर चढवली की झालं.

लोकलने मात्र माझी फजिती केली. बोरीबंदर (आताच्या सीएसएमटीजवळ) ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, म्हणून डब्याच्या कपाळावर ‘१८५३’ लिहिण्याची हौस मला. खिडक्या, दांडे, छतावरचा विजेच्या तारेला टेकणारा पेंटोग्राफ, सगळं झकास जमलं. तिने हात स्वतःकडे वळवला आणि म्हणाली, ‘अगं, गाडी उलटी पडलीय!’ मी समोर बसून मला सुलट दिसेल अशी काढली होती. आपण समोर बसलो की तिची बोटं आपल्याकडे असतात, म्हणून तिला सुलट हवं ते आपल्याला उलटं काढावं लागतं. फुलापानांना फरक पडत नाही; गाडी, बोका, अक्षरं यांना पडतो. आता मी कागदावर काढलेलं डिझाइन उलटं धरून दोनदा गिरवते, नाहीतर सरळ तिच्या शेजारी जाऊन बसते. अक्षरं नखापेक्षा लहान नकोत. ‘ध’ची गाठ बारीक काढली तर मेंदी पसरून बुजते. चुकलंच तर तेलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने तिथल्या तिथे पुसा. दोन मिनिटं गेली तरी डाग राहतो.

मेंदी शक्यतो घरीच भिजवा. केसांची पावडर घेऊ नका, ती जाडी असते आणि त्यात आवळा-शिकेकाई असू शकते. राजस्थानातल्या सोजतची हातासाठीची बारीक पावडर मागा (या मेंदीला २०२१ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय). शंभर ग्रॅम पावडर मलमलीतून चाळा, त्यात तीस ग्रॅम साखर, पंचवीस मिली निलगिरी तेल आणि साधारण अडीचशे मिली लिंबाचा रस थोडा थोडा घाला. लहान मुली असतील तर निलगिरीऐवजी लॅव्हेंडर. आपल्याकडच्या उकाड्यात आठ-दहा तासांत रंग सुटतो. तळव्यावर ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसा. नारिंगी डाग दिसला की तयार. एवढ्यात बारा-चौदा कोन होतात, उरलेले फ्रीझरमध्ये ठेवा.

दुकानातले ‘दहा मिनिटांत काळी’वाले कोन मात्र आणू नका. मेंदीचा स्वतःचा रंग आधी नारिंगी, मग तांबूस तपकिरी. झटपट काळेपणा बहुतेकदा पीपीडी नावाच्या केसांच्या डायमधल्या रसायनाचा असतो. एका वहिनीने असला कोन लावला, तर तिसऱ्या दिवशी वेलीच्या रेषेवरून फोड उठले होते. रक्तात जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना आणि तान्ह्या बाळांना चांगली मेंदीसुद्धा लावायची नाही, त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

खाण्याचं विसरू नका, कारण हात कुणाचेच मोकळे नसतात. मामलेदारची मिसळ कितीही आवडत असली तरी आज नको. टूथपिक लावलेली छोटी कोथिंबीरवडी, स्ट्रॉ घातलेलं कोकम सरबत आणि भरवायला घरातली पोरं. आल्या आल्या सगळ्यांना बाथरूमला पाठवा, केस बांधायला लावा, फोन चार्जिंगला. पंखा थेट हातावर नको, मेंदी लवकर सुकून तडकते.

सहा-सात तासांनी सुरीच्या पाठीने खरवडायची, वर खोबरेल आणि रात्रभर पाणी नाही. पूर्ण रंग यायला दोन दिवस लागतात, तेव्हा पार्टी सणाच्या दोन दिवस आधीच ठेवा.

आणि बोटांची टोकं भरण्याआधी विचारून घ्या. लोकलवाल्या मैत्रिणीची दहाही टोकं मी गच्च भरली होती. सोमवारी ऑफिसच्या मशिनने अंगठाच घेतला नाही, आठवडाभर ती रजिस्टरवर सह्या करत होती. या वर्षी तिचा मेसेज जूनमध्येच आलाय : ‘गाडी सुलट काढ आणि अंगठा कोरा ठेव.’