रेशीम शेतीतून महिन्याला लाख रुपये मिळतात असं व्हिडिओत दाखवतात, ते खरं असतं का?

तुम्ही लिहिलंय की गाव परभणीकडचं, नोकरी पुण्यात, वडिलांची तीन एकर आहे आणि असले व्हिडिओ बघून राजीनाम्याचा विचार चाललाय. आमची जालना जिल्ह्यात तुतीची, म्हणजे रेशमाच्या अळीला जिचा पाला घालतात तिची, बाग आहे, म्हणून उत्तर देतोय.

व्हिडिओवाला सहसा धादांत खोटं बोलत नाही. रेशमाचे कोष खरे, शेतकरी खरा, दाखवलेली विक्रीची पट्टीही खरी. तो येतो कधी, तेवढं बघा. चंद्रिकांवर, म्हणजे अळ्या ज्यावर कोष विणतात त्या जाळ्यांवर, पांढरेशुभ्र कोष लगडलेले असतात, तोडणीला बायका बसलेल्या असतात, मालक इस्त्रीचा शर्ट घालून उभा असतो, त्या दिवशी. मे महिन्यात बॅच, म्हणजे एका वेळी पाळलेल्या सगळ्या अळ्या, गेली आणि मेलेल्या अळ्या चुना टाकून खड्ड्यात पुरल्या, त्या दिवशी कॅमेरा घेऊन आलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या पाला खातात तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज व्हिडिओच्या सुरुवातीला हमखास असतो. पण अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते त्यातला ऐंशी टक्के या शेवटच्या आठवडाभरात खाते, आणि तो पाला सकाळ-संध्याकाळ फांद्या कापून, डोक्यावर वाहून आणावा लागतो. पाऊस लागला तर आणखी अवघड. ओला पाला घातला की रोग येतो, म्हणून फांद्या शेडमध्ये पसरून, पंखा लावून वाळवत बसायचं. त्या आठवड्यात घरातलं कुणी लग्नाला जात नाही, सख्ख्या भावकीतलं असलं तरी. ही सगळी घरची मजुरी आणि व्हिडिओच्या हिशेबात तिची किंमत शून्य असते. बाईची तर असतेच असते.

आता आकडे बघू. 200 अंडीपुंजांची बॅच (एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज), शंभर पुंजांना 65-70 किलो कोष निघाले तर एकूण 130-140 किलो. किलोला 500 चा भाव धरा, 65 ते 70 हजार झाले. ही चांगली बॅच म्हणायची. चॉकी, म्हणजे दुसऱ्याने लहानपणी सांभाळलेल्या अळ्या, विकत आणली तर बॅच आपल्या शेडमध्ये वीस-बावीस दिवसच असते, आणि इथूनच गणिताला पाय फुटतात. एका बॅचचे पैसे 'महिन्याचे' होतात, भाव 700 धरला की लाखाच्या घरात जातात, मग गुणिले बारा. चॉकीचे पैसे, निर्जंतुकीकरण, मजुरी, कोष बाजारात न्यायचं भाडं यातलं काही वजा होत नाही.

आणि बारा बॅच येणार कुठून? छाटलेली तुती पुन्हा पाल्यावर यायला दीड-दोन महिने लागतात. एका बागेवर वर्षाला चार-पाच बॅच म्हणजे उत्तम. दोन प्लॉट करून आळीपाळीने घेता येतात, पण मग शेड धुऊन निर्जंतुक करायला उसंत राहत नाही आणि ग्रासरी हा अळ्यांचा रोग मागे लागतो. वर आपल्याकडचा उन्हाळा. अळीला 25 अंशांच्या आसपास बरं वाटतं आणि आपल्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गोणपाट, फॉगर, पत्र्यावर पाचट, सगळं करूनही भागत नाही, म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही आता बॅच घेत नाही.

भावाचंही तसंच. 2020 च्या टाळेबंदीत कोष तीनशेच्या खाली गेला होता, 2022 मध्ये आठशेच्या वर चढला. आज फिरणाऱ्या बऱ्याच यशोगाथा त्या चढत्या काळातल्या आहेत, तारीख बघत जा. सोयाबीनला भाव नसला तर घरात थप्पी लावून ठेवता येते. कोष ठेवता येत नाही, आत पतंग तयार होऊन कोष फोडतो आणि फुटलेला कोष धागा काढायला चालत नाही. म्हणून त्या आठवड्यात जो भाव असेल तो घ्यायचा. एक झालं, 2018 मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष बाजार सुरू झाला, नाहीतर पूर्वी पिकअप भरून कर्नाटकात रामनगरमला जावं लागायचं.

शेजाऱ्याच्या कपाशीचा विषय तर कुठल्याच व्हिडिओत येत नाही. त्याने फवारलं, वारा आपल्या तुतीकडे होता आणि आपल्याला पत्ता नाही. संध्याकाळी तोच पाला घातला की सकाळी अळ्या तोंडातून हिरवं पाणी ओकत, वाकड्यातिकड्या होऊन रॅकवर पडलेल्या. विमा नाही, पंचनामा नाही. शेजारी भाऊबंद असला तर भांडताही येत नाही.

हे फुगवतं कोण, तर तुतीची रोपं, शेडचं सामान आणि चंद्रिका विकणारा फुगवतो, हे उघड आहे. पण शेतकरीही फुगवतो. बँकेच्या साहेबासमोर आपलं उत्पन्न निम्मं होतं, कॅमेऱ्यासमोर दुप्पट. आणि मी त्याला फार दोषही देत नाही. शेती करणाऱ्या पोराला मुलगी कोण देतंय आज? असा व्हिडिओ सोयरिकीच्या ग्रुपवर फिरला तर निदान चार लोक बघायला तरी येतात.

एवढं सगळं वाचून धंदाच वाईट असं समजू नका. तुती एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं चालते, उसाच्या मानाने पाणी फार कमी लागतं, दुष्काळात वाळल्यासारखी झाली तरी पाऊस पडला की फुटते. लागवडीला आणि शेडला रोजगार हमीतून मदत मिळत आली आहे. वर्षात चार-पाच वेळा रोख पैसा घरात येतो, हे आपल्याकडे कपाशी-सोयाबीनवाल्याच्या नशिबात नाही. आम्ही तरी मोडणार नाही.

तुम्ही राजीनामा आत्ता देऊ नका. ज्याचा व्हिडिओ आवडला त्याला फोन करून एका पट्टीऐवजी गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या पट्ट्या मागा आणि किती बॅच गेल्या ते विचारा. मग आठवडाभर रजा काढून कुणाच्या तरी शेडवर पाचव्या अवस्थेत राहा, फांद्या स्वतः वाहा. एक एकरापासून सुरू करायचं म्हटलं तरी पाला तोडायला घरात माणसं किती, मार्चनंतर विहीर किती तास चालते आणि बांधाच्या पलीकडे कपाशी कुणाची, हे आधी वडिलांना विचारून घ्या.