पुरात बुडालेल्या तीन गिअरच्या सायकलचा मधला गिअर सुटतोय, आख्खं चाक बदलायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजोबांची जुनी रॅले, मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, गिअर त्याच्या आतच. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या वाड्यात चार दिवस पाण्याखाली होती, नंतर अडगळीत पडली. आता बाहेर काढलीत तर तिसरा गिअर झकास चालतो, मधला टाकला की पायडल मोकळंच फिरतं आणि पहिला टाकला तरी मधल्यासारखाच वाटतो. दोन दुकानांत दाखवलीत. दोघंही म्हणाले, ‘गिअर गेला, साधं चाक बसवून घ्या.’

बसवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो, सायकलचा मेकॅनिक नाही. पण माझ्याकडे असाच हब आहे, आणि त्याच्यावर मी जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या करून बसलोय. पहिली चूक म्हणजे गिअर सुटतोय म्हटल्यावर सरळ हब उघडला. दोन रविवार गेले, एक स्प्रिंग फरशीच्या फटीत गेली, आणि शेवटी कळलं की आत काहीच बिघडलेलं नव्हतं. दांडीवर केबलचं बाहेरचं कव्हर अडकवणारी जी क्लिप असते ती अर्धा इंच घसरली होती, एवढंच.

तुमची लक्षणं वाचून मला तेच वाटतं. का ते सांगतो.

हबच्या आत मध्ये एक दातेरी चाक आहे, वीस दातांचं. ते वेगळं बसवलेलं नाही, अ‍ॅक्सलवरच कापलेलं आहे, म्हणजे ते कधीच फिरत नाही. त्याच्याभोवती वीस-वीस दातांची चार छोटी चाकं एका पिंजऱ्यात बसवलेली, आणि त्या सगळ्यांना वेढून आतल्या बाजूला साठ दात असलेलं मोठं कडं. पायडलची ताकद कड्याला दिली आणि चाक पिंजऱ्यानं फिरवलं, की वेग पाऊणपट होतो. तो पहिला. ताकद पिंजऱ्याला देऊन चाक कड्यानं फिरवलं तर वेग एक पूर्णांक एक तृतीयांश. तो तिसरा. मधल्यात कड्यानं घेतलं आणि कड्यानंच दिलं, म्हणजे सरळ एकास एक. तुमच्या सायकलला पुढं ४६ आणि मागं १८ दात असतील आणि चाक मोठं २८ चं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात मधल्या गिअरला साधारण ५.६ मीटर, पहिल्याला ४.२ आणि तिसऱ्याला ७.५ मीटर जाते. सांगली सपाट, म्हणून आपल्याकडं पहिला कुणी वापरतच नाही, आणि तो बिघडलाय हे दहा-दहा वर्षं कळतही नाही.

ताकद कुणाला द्यायची हे ठरवतो क्लच, आत अ‍ॅक्सलवर मागंपुढं सरकणारा. अ‍ॅक्सलच्या उजव्या टोकातून जी बारीक साखळी बाहेर आलेली दिसते, ती त्याला ओढते. साखळी पूर्ण ओढली की पहिला, अर्धी ओढली की मधला, सोडली की स्प्रिंग त्याला तिसऱ्यात ढकलते. म्हणजे केबल तुटली तरी सायकल तिसऱ्यात चालत राहते. आणि केबल ढिली असेल तर? लिव्हर ‘१’ वर नेला की साखळी अर्धीच ओढली जाते, म्हणजे मधला. ‘२’ वर नेला की त्याहूनही कमी, आणि जुन्या एडब्ल्यू हबमध्ये (या तीन गिअरच्या हबचं हे मॉडेल) मधल्याच्या आणि तिसऱ्याच्या बरोबर मध्ये एक पोकळी आहे. तिथं क्लच इकडंही धरत नाही नि तिकडंही धरत नाही. पायडल मोकळं.

आता तुमची तीन लक्षणं परत वाचा. एकच कारण तिन्हीला पुरतं.

ही पोकळी बिघाड नाही, १९३६ ला हा हब आला तेव्हापासूनच त्याच्या रचनेत ती आहे. नंतरच्या हबमधून कंपनीनं ती काढली. पण तुमचा जुना आहे तोवर एक सांगून ठेवतो : केबल नीट लावेपर्यंत उभं राहून पायडल मारू नका. आयर्विन पुलाच्या चढाला मी उभा राहून जोर लावला, मधला सुटला आणि मी दांडीवर बसलो. बसलो कसला, आदळलो. पुढं काय झालं ते लिहीत नाही.

केबल लावायची रीत अशी. सायकल उलटी करू नका, स्टँडवर घ्या. आधी साखळीचं मूळ बघा. साखळीच्या मुळाशी एक बारीक सळई असते आणि ती अ‍ॅक्सलच्या आत आटे घेऊन बसते. साखळी बोटांनी घट्ट होईपर्यंत फिरवा, मग केबलच्या दिशेला सरळ यावी म्हणून फार तर अर्धा फेरा उलटी. यापेक्षा जास्त सोडली तर पुढची सगळी मापं चुकतात. मग लिव्हर मधल्यावर ठेवा आणि पायडल थोडं मागंपुढं करा. उजव्या बाजूचा लांब नट असतो त्याला एक खिडकी असते, तीतून आत बघा. सळई जिथं संपून साखळी सुरू होते ती जागा अ‍ॅक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट यायला हवी. बाहेर आली असेल तर केबल जास्त ताणली गेलीय, आत असेल तर ढिली. साखळीजवळच्या गोल स्क्रूनं तेवढं जुळवा आणि चेकनट लावा. स्क्रू संपला तरी ढिलीच राहत असेल तर दांडीवरची क्लिप पुढं सरकवून आवळा. माझ्या क्लिपच्या आत मी ट्यूबचा तुकडा घातलाय, तेव्हापासून घसरलेली नाही. मोबाइलची बॅटरी पेटवून बघा, दिवसासुद्धा. माझ्या वयात तर लागतेच.

पुरातल्या सायकलला आणखी एक शक्यता असते. केबल बरोबर असली तरी ती कव्हरच्या आत गंजून अडकते, ओढली जाते पण परत येत नाही. म्हणून केबल सोडवा आणि साखळी हातानं ओढून बघा. दोन ठिकाणी अडल्यासारखं जाणवलं पाहिजे आणि सोडली की चटकन आत गेली पाहिजे. हातानं झकास आणि केबलनं आळशी, तर केबल आणि कव्हर दोन्ही बदला. त्याला काही विलायती लागत नाही, फक्त टोकाचा तो छोटा पितळी तुकडा जपून ठेवा. तो हरवला की मग खरी अडचण.

आता हबच्या आतलं. चार दिवस कृष्णेच्या पाण्यात म्हणजे आत गाळ गेलेलाच असणार. पण तो कुठं बसलाय हे न उघडता कळतं. ऐकून. चाक फिरवणारे खटके आत दोन जागी असतात : दोन कड्यावर, दोन पिंजऱ्यावर. मधल्यात आणि तिसऱ्यात कड्यावरचे खटके काम करतात आणि पिंजऱ्यावरचे नुसते टिकटिक करत मागं घसरतात. पहिल्यात उलट, क्लच कड्यावरचे खटके दाबून ठेवतो आणि पिंजऱ्यावरचे काम करतात. तेव्हा आवाज नसतो. म्हणून निरोगी हब पहिल्यात गप्प असतो, मधल्यात आणि तिसऱ्यात पायडल मारतानाही मंद टिकटिक करतो.

तुमचा तिसरा चालतो, म्हणजे कड्यावरचे खटके जिवंत आहेत. तिसऱ्यात पायडल हातानं फिरवा आणि कान लावा. टिकटिक आली तर पिंजऱ्यावरचेही जिवंत, म्हणजे केबल लावली की पहिला मिळणारच. काहीच आवाज नाही आला तर ते गाळात किंवा घट्ट झालेल्या तेलात चिकटलेत, आणि केबल कितीही नीट लावली तरी पहिल्याला पायडल मोकळं जाईल.

चिकटलेले खटके सोडवायला उघडायची घाई नको. हबच्या मध्यावर तेलाचं छोटं झाकण आहे का बघा. जुन्यांना असतंच. त्याच्या जवळपास एडब्ल्यू ही अक्षरं आणि आकडे कोरलेले दिसतील, उदाहरणार्थ ५८ आणि ४ म्हणजे १९५८ सालचा चौथा महिना. हा हब कधी बनला त्याचा आकडा आहे. झाकणातून रॉकेल किंवा डिझेल घाला, चाक आडवं ठेवून रात्रभर राहू द्या, सकाळी फिरवून निथळा. पहिल्यांदा जे बाहेर येईल ते बघून तुम्हाला पूर आठवेल. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा करा, मग पातळ मशीन ऑइल चमचाभर, आणि पुढं महिन्याला चार-पाच थेंब. उजव्या बाजूनं थोडं तेल गळत राहतं, ते गळू द्या. हा हब तसाच आहे, त्याला घाबरून ग्रीस ठोसू नका. ग्रीस बाहेरच्या छऱ्यांना, खटक्यांना कधीच नाही. आणि खोबरेल, एरंडेल, शेंगतेल, घरात जे दिसेल ते घालायची आपल्याकडं सवय आहे, ती सोडा. माझ्या वडिलांनी हबला वर्षानुवर्षं खोबरेल पाजलं होतं. आत लाखेसारखा थर बसला होता, खटके त्याच्यात उभे वाळले होते.

रॉकेलनं छऱ्यांचं ग्रीसही धुतलं जातं हे ध्यानात ठेवा. म्हणून धुऊन झाल्यावर डावा कोन (छऱ्यांना धरून ठेवणारा शंकूसारखा नट) काढून तिथं नवं ग्रीस भरा. एवढं कुणालाही जमतं. चाकातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायचा तोसुद्धा डाव्या कोननंच. उजव्या कोनला हात लावायचा नाही. तो आतल्या भागांचं अंतर ठरवतो : बोटांनी घट्ट करून अर्धा फेरा मागं, मग चेकनट. कुणीतरी तोच फिरवून प्ले काढलेला असतो आणि मग गिअर काही केल्या जुळत नाही. तुमच्या दोन दुकानांपैकी कुणी तिथं पाना लावला होता का, तेही विचारा.

पाना लावायचाच झाला तर अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे शिंगवाले वायसर जागेवर आहेत ना ते बघा. त्यांचं शिंग चौकटीच्या खाचेत बसतं. मघाशी म्हटलं तसं मधलं चाक अ‍ॅक्सलवरच कापलेलं आहे, म्हणजे पायडलचा जोर पहिल्यात आणि तिसऱ्यात अ‍ॅक्सललाही पिळायला बघतो. वायसर नसेल तर अ‍ॅक्सल खाचेत फिरतो आणि सळई तुटते. पुण्याच्या माझ्या भाच्यानं मला एकदा गिअरच्या एकचाकी सायकलचा व्हिडिओ दाखवला. स्वित्झर्लंडच्या श्लुम्फ यांचा हब, टाचेनं अ‍ॅक्सलच्या टोकावरचं बटण मारलं की गिअर बदलतो. आतलं तत्त्व हेच, आणि तिथंही चौकटीनं मधलं चाक घट्ट धरलं नाही तर सगळं व्यर्थ. फक्त तिथं गिअर अर्धवट लागला तर माणसाला ब्रेकही नसतो, कारण पायडल हाच ब्रेक. आपली पोकळी त्यामानानं दयाळू म्हणायची. आणि हो, आपल्या साध्या सायकलचे नट या अ‍ॅक्सलला बसत नाहीत, आटे वेगळे आहेत. जबरदस्तीनं चढवले तर अ‍ॅक्सल गेला. नट हरवू नका.

हे सगळं करूनही तिसऱ्यात जोर लावल्यावर खाडकन सुटत असेल, तेव्हाच उघडायचं. त्यात क्लचच्या कडा किंवा पिंजऱ्याच्या पिनांची टोकं गोल झालेली असतात, ती दिसतात. उजव्या बाजूची मोठी रिंग छिन्नी-हातोडीनं सुटते, पण सोडण्याआधी रिंग आणि हबवर एकासमोर एक अशा दोन खुणा करा. तिचे आटे दुहेरी आहेत, ती दोन जागी धरते, आणि चुकीच्या जागी चढली तर चाकाचा आउट निघाल्यासारखं वाटतं. परातीत काम करा. खटक्यांच्या स्प्रिंगा केसासारख्या असतात, त्यांना जमीन आवडते. माझी हरवली तेव्हा मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो, त्यांनी पोलादी तारेचा वीतभर तुकडा दिला, पैसे घेतले नाहीत. ती वाकवून केलेली स्प्रिंग आजही आत आहे. तुमच्या हबच्या या सगळ्यापर्यंत पाळी येईल असं मला वाटत नाही.

पहिलं काम, सायकल स्टँडवर घ्या, तिसऱ्यात टाका आणि टिकटिक येते का तेवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.