प्रश्नचिन्ह लागलेले फोल्डर आणि रुसलेला ड्राइव्ह

प्रश्न : माझे पक्ष्यांचे सगळे फोटो ४ टीबीच्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर आहेत. फोटो लावून ठेवायच्या आणि सुधारायच्या लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग लॅपटॉपवर आहे, लॅपटॉप विंडोजचा. परवा लाइटरूम उघडलं तर डावीकडच्या एकूणएक फोल्डरवर प्रश्नचिन्ह! ड्राइव्ह उघडून पाहिला तर फोटो जागच्या जागी आहेत. सगळं रिमूव्ह करून पुन्हा इम्पोर्ट करू का?

उत्तर : नको, नको, नको. आधी लाइटरूम बंद करा आणि चहा घेऊन या.

तुमचे फोटो कॅटलॉगमध्ये कधीच नव्हते. कॅटलॉग ही नोंदवही आहे. कुठला फोटो कुठे ठेवलाय आणि त्यावर तुम्ही काय काय काम केलंय, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. त्यातला पत्ता चुकला की प्रश्नचिन्ह येतं. पण रिमूव्ह केलंत की नोंदच पुसली जाते आणि तिच्याबरोबर तुमची मेहनतही. एक्सएमपी फाइली (फोटोशेजारी त्याचे बदल लिहून ठेवणाऱ्या छोट्या फाइली) साठवत असाल तर रंग-उजेडाचे बदल परत मिळतील, पण कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची फक्त नोंदवहीतली दुसरी आवृत्ती) आणि हिस्टरी त्या फाइलींत जात नाहीत. ‘ड्राइव्ह मेला’ म्हणून माझ्याकडे धावत येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी पुन्हा इम्पोर्ट करून बसलेले असतात. मग ड्राइव्ह ठणठणीत असूनही मला काही करता येत नाही.

तुमच्याकडे बहुधा असं झालंय : एरवी ड्राइव्हला विंडोजकडून ‘ई’ अक्षर मिळायचं. त्या दिवशी कार्ड रीडर किंवा पेन ड्राइव्ह आधी जोडलेला होता, त्याने ‘ई’ पटकावलं आणि ड्राइव्हच्या वाट्याला ‘एफ’ आलं. लाइटरूम अजून ‘ई’च्या दारात उभं आहे. खात्री करायची असेल तर लाइटरूममधल्या फोल्डरच्या नावावर माऊस नुसता धरा, जुना पत्ता दिसेल. तो फाइल एक्स्प्लोररमधल्या अक्षराशी ताडून बघा.

जुनं ‘ई’ परत दिलं तरी काम भागेल, पण पुढच्या कार्ड रीडरला पुन्हा तीच रड. म्हणून मी वर्णमालेच्या शेवटाकडचं अक्षर देते, ‘पी’ किंवा ‘एक्स’. लाइटरूम बंद असतानाच स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून अक्षर बदला. त्या संगणकावर विंडोज ते लक्षात ठेवतं. मग लाइटरूममध्ये सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’, आणि ड्राइव्हवरचा तोच फोल्डर दाखवा. वरचा सापडला की पोटातले आपोआप जागेवर येतात. वरचा फोल्डर यादीत दिसतच नसेल तर आधी ‘शो पॅरेंट फोल्डर’ करा, नाहीतर दुपारभर एकेक फोल्डर दाखवत बसाल.

मॅकवाल्यांनी हसू नये. तिथे अक्षर नसतं, पण ड्राइव्हचं नाव हाच पत्ता असतो. ड्राइव्ह तसाच उपटला तर कधीकधी जुन्या नावाचा रिकामा फोल्डर मागे राहतो, आणि पुढच्या वेळी ड्राइव्ह त्याच नावापुढे ‘१’ लावून येतो. प्रश्नचिन्हं तीच.

आणि हो, निवडक फोटोंचे स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे मूळ फोटोंच्या छोट्या हलक्या प्रती, करून ठेवा. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेलपर्यंत असते. ड्राइव्ह जोडलेला नसतानाही त्यांच्यावर रंग-उजेडाचे बदल करता येतात, आणि ड्राइव्ह जोडला की बदल मूळ फोटोला लागू होतात.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये मोठी फाइल सेव्ह करताना एक्स्टर्नल ड्राइव्ह मध्येच गायब होतो आणि क्षणात परत येतो. फोटोशॉप नव्याने टाकलं, फरक नाही.

उत्तर : फोटोशॉपला उगाच शिक्षा झाली. ते बंद ठेवून चार-पाच जीबीची एखादी फाइल नुसती त्या ड्राइव्हवर कॉपी करा. तेव्हाही ड्राइव्ह गायब झाला, तर दोष फोटोशॉपच्या बाहेर आहे.

माझा पहिला संशय केबलवर. टाइप-सी केबली दिसायला सारख्याच, पण फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या पुष्कळशा केबली आतून यूएसबी २ असतात. म्हणजे ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम ३५-४० एमबी. ड्राइव्हबरोबर आलेल्या केबलला मी लाल चिकटपट्टी लावून ठेवते आणि ती चार्जिंगला कुणाला देत नाही. घरात यावरून भांडणं होतात, होऊ देत. दुसरा संशय हबवर, म्हणजे एका पोर्टला अनेक यूएसबी जोडू देणाऱ्या डबीवर. यूएसबी ३ चं पोर्ट साधारण ९०० मिलिअँपिअर देतं, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढंच सगळ्यांत वाटतो. सेव्ह करताना ड्राइव्हला जोर लागतो आणि नेमका तेव्हाच तो मान टाकतो. थेट लॅपटॉपला जोडून बघा. तरीही तेच झालं तर पॉवर ऑप्शनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारी सोय) बंद करा.

फोटोशॉपकडे वळायचंच असेल तर प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क बघा. तिथे हाच ड्राइव्ह निवडलेला असेल तर काढा. स्क्रॅच म्हणजे फोटोशॉपची कामाची कच्ची जागा; काम चालू असताना ती गेली तर फोटोशॉपही कोसळू शकतं. ते उघडतच नसेल तर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच बदलायची खिडकी येईल. आणि फाइल आधी लॅपटॉपवर सेव्ह करा, काम संपल्यावर ड्राइव्हवर हलवा. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीचाही सल्ला हाच आहे.

प्रश्न : ड्राइव्हमधून टकटक आवाज येतो. फोल्डर दिसतात, पण फोटो उघडायला फार वेळ लागतो. चेकडिस्क चालवू का?

उत्तर : चालवू नका. चेकडिस्क हे विंडोजचं साधन फाइलींची मांडणी दुरुस्त करायला जातं आणि त्यासाठी ड्राइव्हवर लिहितं. टकटक हा यंत्राचा आजार आहे, मांडणीचा नाही. लाइटरूमही उघडू नका, ते प्रीव्ह्यू बनवायला लागलं की ड्राइव्हला आणखी पळवेल. फोटोंची दुसरी प्रत असेल तर हा ड्राइव्ह सरळ बाद करा. नसेल आणि फोटो मोलाचे असतील, तर आत्ताच केबल काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. तिथे जाईपर्यंत ‘एकदा चालू करून बघू’ नको. कुणी ड्राइव्ह फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि रिकव्हरीवाल्याचं काम आणखी अवघड होतं.