स्विच घेण्याआधी एवढं बघ

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचं नेटवर्कचं काम तुला मिळालं, फार बरं वाटलं. हिशेबाचे पीसी, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायला तीन साधे स्विच (केबलनं अनेक उपकरणं एकत्र जोडायचे डबे) कोटेशनात स्वस्त दिसतात. पण ते तिन्ही एकाच साध्या राउटरला जोडलेस, तर वेगळं काहीच होत नाही, सगळे एकमेकांना दिसतात. त्यापेक्षा एकच मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग करता येणारा, घे आणि त्यावर व्हीलॅन कर, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं. लेयर ३ स्विचवर (राउटरचं कामही करणारा महागडा स्विच) इथे पैसे घालू नकोस. राउटरला मात्र ८०२.१क्यू (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेण्याचं मानक) समजतं ना, हे नक्की तपास. मी एकदा ते न बघता राउटर आणला, व्हीलॅन झाले पण हिशेबाच्या पीसींना इंटरनेटच मिळेना. दुसरा राउटर खिशातून घ्यावा लागला.

कॅमेऱ्यांसाठी पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा स्विच, लागेल. तिथे नुसते पोर्ट मोजू नकोस, एकूण वॅट बघ. साध्या पीओईत एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत जातात, म्हणजे आठ पूर्ण भरले तर १२३ च्या वर. स्वस्त स्विचची एकूण ताकद बऱ्याचदा त्याच्या निम्मीच असते.

दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचार. आणि स्विच-राउटरचा रॅक वरच्या मजल्यावरच लाव रे, २०१९ चा कृष्णेचा पूर सांगलीनं पाहिलाय.