वाचकांचे प्रश्न : चोवीस शब्द कोणाला सांगावेत?

प्रश्न : एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावर ठेवलेले माझे बिटकॉइन मी काही महिन्यांपूर्वी लेजर कंपनीच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे त्यासाठीच्या छोट्या यंत्रात हलवले. परवा ‘लेजर लॉगिन’ असे इंटरनेटवर शोधले, तेव्हा उघडलेल्या पानाने खात्याच्या पडताळणीसाठी, यंत्र सुरू करताना त्याने लिहून ठेवायला दिलेले माझे चोवीस शब्द मागितले. ते द्यावेत का? आणि यंत्रच हरवले तर बिटकॉइनही गेले असे समजायचे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ते शब्द मुळीच देऊ नका. त्यांतले काही जरी टाइप करून झाले असतील, तरी यंत्रावर नव्या शब्दांचे नवे वॉलेट तयार करून सर्व रक्कम आजच त्यात हलवा.

हार्डवेअर वॉलेटला बँकेच्या संकेतस्थळासारखे लॉगिन नसते. बिटकॉइनची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत असते आणि ते खर्च करण्याचा अधिकार देणारी गुप्त संख्या, म्हणजे प्रायव्हेट की, यंत्रात असते. तुम्ही रक्कम पाठवता तेव्हा संगणकावरील ॲप व्यवहाराचा मसुदा यंत्राकडे धाडते, यंत्र आपल्या पडद्यावर पत्ता व रक्कम दाखवते आणि तुम्ही बटण दाबून संमती दिल्यावर फक्त डिजिटल स्वाक्षरी बाहेर येते. प्रायव्हेट की आतच राहते. पिनही यंत्रावरच टाकायचा असतो आणि तो लागोपाठ तीनदा चुकला, तर लेजरचे यंत्र स्वतःतील माहिती पुसून टाकते. म्हणून कोणत्याही संकेतस्थळाला तुमचे शब्द लागण्याचे कारणच उरत नाही. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेल्या त्या चोवीस शब्दांवरून तुमच्या सगळ्या की पुन्हा तयार करता येतात. ज्याच्या हाती ते पडले, त्याला ना तुमचे यंत्र लागते ना पिन.

पत्र किंवा फोन करणाऱ्याला तुमचे नाव-पत्ता ठाऊक आहे, एवढ्यावरूनही विश्वास ठेवू नये. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक उघड झाले, आणि त्यानंतर काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रेसुद्धा आली. कंपनीचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून तेथूनच ॲप घ्यावे; शोधयंत्रात वर दिसणारी जाहिरात टाळावी.

यंत्र घेतले म्हणजे सारे निर्धास्त झाले, असे मात्र नाही, आणि मला या गोष्टीची अधिक काळजी वाटते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजचे २३ कोटी डॉलरहून अधिक आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे १५० कोटी डॉलर चोरीला गेले. दोन्हीकडे व्यवहारांवर स्वाक्षरी करून मंजुरी देणारे लोक हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. पण संगणकावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष मंजूर होणारा व्यवहार वेगवेगळे निघाले. यंत्राच्या छोट्या पडद्यावर जे वाचता येत नाही किंवा समजत नाही, त्याला संमती देऊ नये आणि पत्ता तेथेच अक्षर न् अक्षर ताडून पाहावा.

यंत्र हरवल्यास नवे घेऊन त्यात तेच शब्द भरले, की वॉलेट परत मिळते. त्यासाठी शब्द कागदावर, शक्यतो धातूच्या पट्टीवरही, लिहून दोन ठिकाणी ठेवावेत. त्यांचा फोटो काढू नये, कारण फोनमधील फोटो अनेकदा आपोआप क्लाउडवर जातात. लिहिताना चूक झाली नाही ना, हे पाहण्यासाठी लेजरच्या यंत्रावर ‘रिकव्हरी चेक’ हे ॲप बसवता येते. त्यात शब्द यंत्राच्याच बटणांनी भरायचे असतात; या आठवड्यात ती तपासणी अवश्य करून घ्या.